चाळीस दिवसांचा साबण

ज्या वर्षी वऱ्हाडातल्या माणसांनी अंगाखालच्या गाद्या उसवून कापूस विकला, त्या वर्षी हिवरखेडच्या जमुना माळिणीला एक कोहळं फोडायला सव्वीस दिवस लागले. ऐकणाऱ्याला हसू येईल. खुशाल हसा, पण आधी सगळं ऐकून घ्या.

तिकडे सात समुद्रांपलीकडे गोरे आपापसात लढत होते, त्यांचा कापूस अडला होता, आणि त्यांच्या भांडणापायी इकडे काळ्या मातीत पैसा उगवत होता. ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती, त्याच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. पैसा माणसाला शहाणं करतो असं ज्याने कुणी म्हटलं असेल, त्याने वऱ्हाडातलं ते साल पाहिलेलं नसणार. जमुनेचा नवरा शालिकराम जातिवंत माळी. अकोटच्या बाजारात त्याची वांगी त्याच्या नावाने विकली जात. पण त्यानेही विहिरीपासून बांधापर्यंत सगळा मळा मोडला आणि पऱ्हाटी पेरली. धाकटा भाऊ भगवंत आडवा आला. "बापानं लावलेला मळा हाय. उद्या कापूस खाशीन काय?" असं म्हणाला. शालिकराम म्हणाला, "तू खाय तुही भाजी." एवढ्यावर सख्ख्या भावांचं बोलणं तुटलं आणि एका अंगणाची दोन अंगणं झाली. मोडलेल्या मळ्यातलं वाचलं ते कुंपणावर चढलेला कोहळ्याचा एक वेल आणि त्याला लागलेलं घागरीएवढं, लालबुंद कोहळं. तांबड्या भोपळ्याला तिकडे कोहळंच म्हणतात.

जमुनेला मळ्याचं वाईट वाटलं, पण रडायला तिला सवड नव्हती. तिचा सगळा जीव लेकीच्या हातांत अडकला होता. वच्छला चौदा वर्षांची. सातव्या वर्षी अंजनगावला दिलेली, आता सासरी जायची. मागच्या उन्हाळ्यात घरातला सगळा कापूस घरीच वटवला, आणि ती पोर चार महिने सरकी वेगळी करायच्या रेचीपाशी बसून होती. सरकी निघत होती, धूळ उडत होती, आणि तिच्या हातांना बोटांपासून कोपरापर्यंत इसब फुटत होता. कातडी काळी पडली, खवले निघायला लागले, भेगांतून पाणी यायला लागलं. कडुनिंब झाला, करंजाचं तेल झालं, देवाचा अंगारा झाला. इसब जागचा हलेना.

बातमी मात्र हलली. गाडीवानांच्या तोंडी ती अंजनगावला जाऊन पोचली आणि तिथून सासूचा, पार्बताबाईचा, निरोप आला. "पोरीच्या हाताले काय झालं म्हणे? मार्गशीर्ष अमावस्येच्या आत आमी न्याले येतो. खरं काय थे डोयानंच पाहू." निरोपात एक शब्द गाळलेला होता. तो उच्चारायची हिंमत निरोप आणणाऱ्यालाही झाली नाही. रगतपिती, म्हणजे महारोग, म्हणून एकदा कुणी बोट दाखवलं, की त्या पोरीला सासर नाही, माहेर नाही, पाणवठाही नाही. जमुनेने असं एक घर डोळ्यांनी पाहिलं होतं.

तरीही ती खचली नाही, कारण तिला एक विद्या येत होती. साबणाची. हिवरखेडच्या बायकांना साबण म्हणजे गोऱ्यांच्या छावणीतली चरबीची वडी, हात लावायची सोय नाही. पण जमुनेचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे ओढ्याकाठी रोशा गवताचं तेल काढायच्या भट्ट्या लागत, आणि तिथल्या एका अत्तारणीला लहानपणी जमुना भाजी नेऊन देई. ती बाई दिवसभर वाफेशी झुंजायची आणि तिचे हात मात्र लोण्यासारखे. गुपित विचारलं तर हसायची. शेवटी शिकवलं. सज्जीखार आणि चुना यांचं पाणी, करडीचं तेल, शिजवून गाळलेला कोहळ्याचा गर, आणि वरून वास. चरबीचं नावही नाही. जमुनेचा थोरला, सूर्यभान, तान्हा असताना त्याच्या गुडघ्यांमागे असाच इसब फुटला होता. तो याच साबणाने महिन्याभरात गेला. म्हणून जमुनेचा विश्वास. ऐकीव नव्हता तो, हाताखालून गेलेला होता.

अत्तारणीचे नियम दोन. कोहळ्याशिवाय साबण करायचा नाही, कारण कोहळ्याचा गर खाराचा राग गिळतो. आणि जो राग उरतो तो उतरायला वड्या चाळीस दिवस सावलीत ठेवायच्या. त्याआधी अंगाला लावायच्या नाहीत, मग राणी मागो की भिकारीण.

कार्तिकी पौर्णिमेला जमुनेने बोटांवर हिशेब केला. अमावस्येपर्यंत पंचेचाळीस दिवस. चाळीस साबणाचे, पाच तिचे. खार आणला होता, तेल आणलं होतं, माहेरहून रोशाच्या तेलाची कुपीही आली होती. आता कोहळ्यावर पहिला घाव तेवढा घालायचा होता, आणि तो बाईने घालायचा नसतो. कोहळं म्हणजे घरचा थोरला मुलगा, बाईने घाव घातला तर तो मुलावर पडतो. पहिला घाव घरच्या पुरुषाचा. मग बाईने हव्या तेवढ्या फोडी कराव्यात.

"सकाळी घालतो," शालिकराम संध्याकाळी म्हणाला.

सकाळ उजाडायच्या आत दलालाचा माणूस वाडीवाडीतून ओरडत गेला की भाव पडून राहिला, गाड्या काढा. गावातल्या चौदा गाड्या जुंपल्या. भुसावळला आगगाडी येते, तिथवर कापूस पोचवायचा. बाप आणि लेक दोघे निघाले. जमुना दारात उभी.

"अवो, थे कोहळं!"

"आल्यावर!" शालिकराम गाडीवरून ओरडला, आणि सूर्यभानने आईकडे पाहून हात हलवला. एवढ्या वेळात दहा कोहळी फुटली असती. पण कापसाच्या भावामागे धावणाऱ्या माणसाला एका घावाची फुरसत नसते.

तुम्ही म्हणाल, मग तिने स्वतः का नाही फोडलं? तिनेही हेच म्हटलं. चौथ्या दिवशी दुपारी तिने भाजी चिरायची पावशी मांडली, कोहळं पुढ्यात ओढलं. उन्हात ठेवलेलं कोहळं तापलं होतं. तिने त्याच्यावर हात ठेवला आणि हात तिथेच राहिला, कारण सकाळीच पाणवठ्यावर बोलणं चाललं होतं की भुसावळच्या वाटेवर गाड्यांच्या तळांवर पटकी आली आहे आणि अकोटचे दोन गाडीवान उलट्या होऊन गेले. थोरला मुलगा त्या वाटेवर आणि आईच्या हातात पावशी. सांगा, कुणाचा हात चालला असता? ज्याचा चालला असता त्याने तिला वेडी म्हणावं. तिने पावशी मिटली आणि कोहळं छपरीत नेऊन ठेवलं.

नवव्या दिवशी वच्छला म्हणाली, "माय, मी फोडू काय? मले काय होते?"

जमुनेने फाडकन तिच्या थोबाडीत मारली. "भावावर हात उचलतं?"

पोर गाल चोळत उभी राहिली. गाल चोळणारा तिचा तो हात पाहिला आणि जमुनेला रडूच कोसळलं. एक लेकरू वाटेवर, एक डोळ्यांपुढे. एकासाठी हात उचलावा तर दुसऱ्यावर पडतो. देवाने तिला असं कोंडीत धरलं होतं आणि वर कोहळं मांडून ठेवलं होतं.

गावात पुरुष अगदीच नव्हते असं नाही. पाटलाचा म्हातारा होता, लंगडा कोतवाल होता. पण परक्या घरचा पुरुष येऊन कोहळं फोडतो ते घरात पुरुष उरला नाही तेव्हाच. असा शकुन जमुना घरात कसा बोलावणार? हक्काचा म्हणावा तर दीर एकटा भगवंत, कुडापलीकडे. अकराव्या दिवशी ती पदर सारखा करून त्याच्या अंगणात गेली. तो मेथीच्या जुड्या बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

"भाऊजी, एक घाव घालून द्या फक्त. पोरीच्या हाताच्या साबणाले पायजे."

"मळा मोडला तवा मले इचारलं होतं काय, वयनी?"

"म्या मोडला काय? मले तरी कुठं इचारलं?"

"मी येऊन कोहळं फोडीन, अन् उद्या थो येऊन म्हणंल, मी मेलो होतो काय? त्याले येऊ द्या. त्याचं घर, त्याचं कोहळं."

"तवरिक लय उशीर होते, भाऊजी."

भगवंतने जुडी बांधली आणि दुसरी घेतली. जमुना परत आली. वऱ्हाडी माणसाचा राग उन्हाळ्यातल्या भेगेसारखा. वरून बोटभर दिसतो, काठी घातली तर तळ लागत नाही.

पंधरावा दिवस गेला, विसावा गेला. गाड्यांची खबर नाही. जमुना रोज छपरीत जाऊन कोहळ्याला हात लावून यायची. कुजायला लागलं तर काय, ही एक धास्ती. आणि न कुजता तसंच राहिलं तर काय, ही दुसरी.

सव्विसाव्या दिवशी भगवंत आला. त्याची बायको माणिकबाई त्याच्याशी चार दिवस बोलली नव्हती म्हणे. काही का असेना, आला. हातात विळा. "कुठं हाय?" एवढंच म्हणाला. छपरीत गेला, कोहळ्यावर एक घाव घातला, विळा पुसला आणि बाहेर आला. सव्वीस दिवसांचं काम एका श्वासात झालं. जाताना दारात थांबला, वच्छलाच्या हातांकडे पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाला, "मले वाटलं नव्हतं, इतकं असंल." मग गेला.

जमुना वेळ न घालवता कामाला लागली. खाराचं पाणी तिने आधीच निवळून ठेवलं होतं. कोंबडीचं पीस त्यात धरलं तर विरघळून गेलं, म्हणजे पाणी बरोबर जहाल होतं. लोखंडी कढईत करडीचं तेल तापलं, पाण्याची धार सुटली, कडुनिंबाचा दांडा फिरायला लागला. मग कोहळ्याचा गर, शिजवलेला, फडक्यातून गाळलेला, हळदुल्या रंगाचा. कढई भरून आली आणि फुटक-फुटक करत दाटली. शेवटी नागरमोथ्याची आणि वाळ्याची पूड, आणि रोशाच्या तेलाची कुपी. तो वास उठला तेव्हा वच्छला डोळे मिटून उभी राहिली. ओल्या गवताचा, थोडा गुलाबासारखा, थोडा लिंबासारखा वास साऱ्या घरभर पसरला. कितीतरी महिन्यांत त्या घरात कापसाशिवाय कशाचा वास आला नव्हता.

"माय, याच्यानं बरं होईन ना?"

"तुह्या भावाचं नाई झालं काय?" जमुना म्हणाली, आणि त्या घटकेला तिला ते खरंच वाटलं. साबण तिने छपराच्या उलट्या कवेलूंमध्ये ओतला, दुसऱ्या दिवशी दोऱ्याने वड्या कापल्या आणि फळीवर सावलीत लावल्या.

मग पुन्हा वाट. दर दोन-तीन दिवसांनी ती वडीला जिभेचं टोक लावून बघे. पिकलेला साबण जिभेला चावत नाही, कच्चा चावतो. आठव्या दिवशी चावला. बाराव्या दिवशी चावला. सोळाव्या दिवशी गाड्या आल्या. बाप-लेक दोघे धड होते. सूर्यभान थोडा वाळला होता एवढंच. जमुनेने त्याचं तोंड कुरवाळलं, चार वेळा कुरवाळलं. तिने कोहळ्यावर घाव घातला नव्हता आणि देवाने मुलगा परत दिला होता. तिला वाटलं, एवढं दिलंय तर उरलेलंही देईल. संध्याकाळी अंजनगावचा सांगावा आला की उद्या पाहुणे येतात.

अमावस्येला अजून तीन दिवस होते. साबणाला सोळा दिवस झाले होते.

जमुनेने वडी हातात घेतली. जिभेला लावली. चावली का? चावली. पण थोडीच. परवापेक्षा कमी. तिने पुन्हा लावली. दुपारी ठेचा खाल्ला होता, तोच झोंबत असेल. एवढ्या दिवसांत जीभही हुळहुळी झाली असणार. आणि यंदाचं कोहळं मोठं होतं, गर जास्त पडला होता, खाराचा राग लवकर गिळला असणारच. अडलेल्या माणसाला कारणं कमी पडत नाहीत. अत्तारीण तिथे असती तर तिने वडी हिसकावून ओढ्यात फेकली असती. पण तिथे जमुना एकटीच होती, आणि उद्या पार्बताबाई येणार होती.

तिने पाणी तापवलं, लेकीला पाटावर बसवलं आणि साबण लावला. चांगला लावला, कोपरापर्यंत. दोनदा. खवले सुटून पाण्यात गेले, काळी कातडी निघाली, खालून गुलाबी कातडी दिसली, आणि जमुनेला आनंदाने हुंदका आला. वच्छलाने ओठ दाबून धरले होते.

"चुरचुरते काय वं?"

"जरासं, माय."

"गुण येऊन राहिला."

गुण नव्हता तो. दिवेलागणीपर्यंत हात लाल झाले, जेवणापर्यंत सुजले. पोरीला घास धरता येईना, आईने भरवला. सकाळी दोन्ही तळहातांची कातडी सोलून निघाली होती आणि खालचं मांस ओलं चमकत होतं. जमुनेने ताक ओतलं, तूप लावलं, केळीचं पान बांधलं. सूर्यभान एकदा डोकावून गेला. शालिकराम म्हणाला, "काय करून बसली वं हे?" त्याला काय सांगणार? तुमचा एक घाव राहिला होता, हे सांगणार? ते सांगूनही हात बरे होणार नव्हते, आणि वडी लावणारा हात शेवटी तिचाच होता.

पार्बताबाई उन्हं वर यायच्या आत दमणीतून उतरली. अंगावर नवं लुगडं, गळ्यात नवी एकदाणी, कापसाने सजवलेली बाई. गूळपाणी झालं. मग ती म्हणाली, "पाहू बरं पोरीचे हात."

जमुनेने केळीचं पान सोडलं. आता ही उठेल, आता तो शब्द उच्चारेल, आता गाडी रिकामी वळेल. पार्बताबाईने वच्छलाची बोटं एकेक धरून वाकवून पाहिली, नखं दाबली. पोर कळवळली तशी म्हणाली, "दुखते ना? मंग बरं हाय. रगतपितीत दुखत नाई." आणि मोकळी हसली. "इसब हाय व इहीनबाई! माह्या बहिणीले होता. आमी तं भेलो होतो की बोटं झडतीन न् वेचणी कोन करीन? वावर पांढरं होऊन राहिलं, मजूर भेटत नाई. चाल वं पोरी, आवर. आजच निघू."

जमुनेला आधी कळलंच नाही. नेतायत. नाही म्हणत नाहीत, नेतायत. जो इसब घालवायला तिने एवढा आटापिटा केला, तो तसाच असता तरी नेलंच असतं. आणि मग ती शुद्धीवर आली. वेचणीला. सुकलेल्या बोंडांच्या त्या टोकदार पाकळ्यांत, या हातांनी.

"इहीनबाई," ती पुढे सरकली, "पंधरा दिवस ठेवा माह्यापाशी. कातडी येऊ द्या. मी सोता आणून घालतो."

"परवा अमावस्या, मंग पौष. पौषात कोन सून नेते? अन् पौष सरंलोक कापूस वावरात थांबते काय?"

"आठ दिवस तरी. तिले मूठ आवळता येत नाई. पाहा तुमी."

"काम केलं की आवळते."

जमुनेने नवऱ्याकडे पाहिलं. शालिकराम दमणीच्या बैलांकडे पाहत होता. "त्यायची सून हाय," तो म्हणाला. "आपुन कोन अडवणारे? नेतो म्हणतात हेच नशीब समज." आणि त्यात त्याचं काही चुकलं असं गावात कुणीही म्हटलं नसतं. जमुनेला पार्बताबाईचे पाय धरावेसे वाटले. पण मुलीच्या आईने पाय धरले तर पुढे जन्मभर मुलीलाच ते ऐकून घ्यावं लागतं. ती आत गेली आणि ओटीचं सामान सुपात काढू लागली.

वच्छलाला नेसवलं, कुंकू लावलं. कानात सांगितलं, "सासूपुढं रडू नको, बाई. पयल्याच दिवशी रडकी म्हणतीन." वच्छला पाटावर बसली. ओटी घ्यायची तर पदराची दोन्ही टोकं दोन्ही मुठींत घट्ट धरावी लागतात. तिने धरली. पानं सुटलेल्या, सोललेल्या हातांनी धरली.

जमुनेने अर्धी मूठ तांदूळ टाकले, भार नको म्हणून. खोबऱ्याची वाटी टाकली ती लहानशी.

"असा हात काहून आखडता?" पार्बताबाई म्हणाली. "इतकं पिकलं यंदा. भरा चांगल्या पाच मुठी, लेकीले कमी पडू नये."

सगळे पाहत होते. जमुनेने मूठ भरली आणि टाकली. दुसरी टाकली. पदराला झोळ आला तशी वच्छलाची बोटं काठावर आणखी वळली, आणि पदराच्या टोकाला ओला, लाल डाग उमटला. तिसरी. चौथी. पोरीने ओठ दातांखाली धरला होता आणि आईकडे न पाहता सुपाकडे पाहत होती. पाचवी मूठ जमुनेने भरली, थांबली, आणि टाकली.

वच्छलाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"रडू द्या," पार्बताबाई मायेने म्हणाली, "माहेर सोडताना पोरी रडतातच."

जमुनेने मान डोलावली.